अनेक ग्राफिक्स कार्डांच्या संगणकासाठी ॲल्युमिनियमची चौकट : भार कुठून कुठे जातो?

मूळ लेख

एकाच मदरबोर्डला सहा ग्राफिक्स कार्डे जोडून चालणारा संगणक मी गेली काही वर्षे वापरत आहे आणि त्यासाठी आतापर्यंत दोन चौकटी स्वतः बांधल्या आहेत. पहिली चौकट नीटनेटकी दिसत असूनही कामाला अपुरी पडली. दुसरी बांधताना मी सगळा विचार नव्याने केला, आणि तोच येथे सविस्तर मांडत आहे. क्रिप्टो चलनांच्या खाणकामासाठी बनवलेल्या उघड्या चौकटी १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाने खाणकामाची पद्धत सोडल्यानंतर बहुतांश रिकाम्या झाल्या. आज अनेक जण त्याच धर्तीच्या चौकटींत एआयची भाषिक प्रारूपे चालवण्यासाठी किंवा त्रिमित चित्रे रेंडर करण्यासाठी कार्डे बसवतात. मात्र खाणकामात कार्ड एका मार्गिकेच्या (माहिती वाहणाऱ्या एका वाटेच्या) लहानशा रायझरवर, म्हणजे कार्ड मदरबोर्डापासून दूर बसवू देणाऱ्या जोडणीवर, आणि पातळ यूएसबी केबलवर चालत असे, तर आजच्या कामांना बहुधा सोळा मार्गिकांची रुंद पट्टी-केबल लागते. ही केबल ताण, पीळ आणि हालचाल फारशी सहन करत नाही. त्यामुळे जुन्या चौकटीची मापे जशीच्या तशी उचलणे योग्य ठरत नाही.

माझ्या पहिल्या चौकटीत २० × २० मिलिमीटरच्या प्रोफाइलच्या (बाजूंना लांब खाचा असलेल्या ॲल्युमिनियमच्या दांडीच्या) ९०० मिलिमीटर लांबीच्या आडव्या दांड्या होत्या आणि मध्ये एकही खांब नव्हता, कारण पुढे आठ कार्डे बसवण्याचा माझा विचार होता. प्रत्येक कार्डाची मागची पट्टी एका दांडीला स्क्रूने जोडलेली होती आणि खालची कड रायझरच्या खाचेत बसलेली होती. कार्डाच्या पुढच्या टोकाला मात्र कोणताही आधार नव्हता. पहिले काही आठवडे सर्व सुरळीत चालले. त्यानंतर रात्रभर चालणाऱ्या कामांत मधूनच एखादे कार्ड दिसेनासे होऊ लागले आणि नोंदींमध्ये एक्सआयडी ७९ हा संदेश, म्हणजे कार्ड बसवरून निसटल्याची सूचना, येऊ लागला. मी ड्रायव्हर बदलले, पॉवर सप्लाय बदलला, कार्डांची अदलाबदल केली. दोष नेहमी मधल्या दोन जागांवरच येत होता. अखेर एक सरळ पट्टी दांडीवर ठेवून पाहिली, तेव्हा दांडीचा मध्य टोकांपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली आलेला आढळला.

या तीन मिलिमीटरांचा हिशेब मी नंतर मांडला. आरटीएक्स ३०९० च्या मूळ आवृत्तीचे वजन सुमारे २.२ किलोग्रॅम असते, म्हणजे सहा कार्डांचे १३ किलोग्रॅमच्या आसपास होते, आणि त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग मागच्या दांडीवर येतो असे धरले, तर ९०० मिलिमीटरच्या अंतरावर २०-२० ची दांडी गणिताप्रमाणे साधारण दीड मिलिमीटर वाकायला हवी. उरलेला बाक दोन ठिकाणांहून आला होता. टोकांचे सांधे किंचित फिरले होते आणि दांडीला स्वतःच्या अक्षाभोवती पीळ पडला होता. पिळाचे कारण कार्डाच्या बांधणीतच आहे. सोळा मार्गिकांची खाच सुमारे ८९ मिलिमीटर लांब असते आणि ती कार्डाच्या मागच्या बाजूस असते. ३०० मिलिमीटरहून लांब असलेल्या कार्डाचा गुरुत्वमध्य मात्र या खाचेच्या पुढे पडतो. पुढे आधार नसेल, तर कार्ड खाचेच्या पुढच्या टोकाभोवती खाली झुकते, मागची पट्टी वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर दांडीही वळते. खुल्या खाचा असलेले प्रोफाइल पिळाला फारसा विरोध करत नाही.

येथून माझे मत पक्के झाले, आणि त्यावर आपले विचार ऐकायला मला आवडतील. अशा चौकटीत दांडी तुटण्याची भीती जवळजवळ नसते. दांडी वाकते, सांधा सरकतो, आणि त्या थोडक्या हालचालीचा ताण शेवटी रायझरच्या खाचेवर येतो. म्हणून आराखडा काढताना प्रत्येक कार्डाचे वजन जमिनीपर्यंत कोणत्या मार्गाने जाते हे आधी कागदावर रेखाटावे आणि त्या मार्गात रायझर कुठेही येऊ देऊ नये.

दुसऱ्या चौकटीत आतील लांबी ६२० मिलिमीटरवर आणली. कार्डे सुमारे ६१ मिलिमीटर जाड असल्याने दोन कार्डांच्या मध्यांतील अंतर ९० मिलिमीटर ठेवले, म्हणजे मध्ये हवेसाठी जवळपास ३० मिलिमीटरची फट राहते. मागची दांडी २० × ४० ची घेऊन ती उभी बसवली. साहित्य जेमतेम दुपटीच्या जवळ जाते, परंतु उभ्या दिशेतील ताठपणा सहापटीहून अधिक वाढतो. पुढे, कार्डांच्या टोकांखाली, स्वतंत्र आधार-दांडी दिली आणि तिच्यावर सिलिकॉन रबराची पट्टी लावली. आडव्या दांड्या खांबांच्या बाजूला न जोडता खांबांच्या डोक्यावर टेकवल्या.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टी-नट (प्रोफाइलच्या खाचेत सरकणारा नट) आणि कोन-ब्रॅकेटचा सांधा खांबाच्या उभ्या खाचेत बसवला, तर खाली येणारा सगळा भार केवळ घर्षणावर तोललेला असतो. स्क्रू घट्ट असेपर्यंत ते घर्षण भरपूर असते, पण पंख्यांच्या सततच्या कंपनाने स्क्रू सैल झाला की सांधा हळूहळू खाली सरकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दांडी खांबाच्या माथ्यावर टेकलेली असेल, तर स्क्रू सैल झाला तरी वजन धातूवरच उभे राहते. ब्रॅकेटकडे मग चौकट काटकोनात राखण्याचे काम तेवढे उरते.

प्रतिसाद १

लेख अतिशय उपयुक्त आहे. मी चार कार्डांची चौकट बांधण्याच्या तयारीत आहे आणि माझ्या मनात ३० × ३० किंवा थेट ४० × ४० चे प्रोफाइल घ्यावे असे होते, म्हणजे हा सगळा हिशेब करण्याची वेळच येणार नाही. जाड प्रोफाइल घेण्यात काही तोटा आहे का?

धागाकर्त्याचे उत्तर

ताठपणाच्या दृष्टीने तोटा काहीच नाही. अडचण जोडणीत येते. २०-मालिकेची खाच साधारण ६ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात एम५ किंवा एम४ चे (५ किंवा ४ मिलिमीटर स्क्रूचे) टी-नट बसतात. ३०-मालिकेत खाच बहुधा ८ मिलिमीटरची असते, आणि ४०-मालिकेत उत्पादकानुसार ८ किंवा १० मिलिमीटरची असते. कार्डाची मागची पट्टी एम३ किंवा ६-३२ आट्यांच्या बारीक स्क्रूने धरली जाते, तेव्हा मोठ्या खाचेत एम३ चे टी-नट शोधावे लागतात आणि ते त्या रुंद खाचेत डळमळतात. शिवाय ४० मिलिमीटर रुंदीची दांडी कार्डाच्या पट्टीजवळ आणली की डिस्प्ले केबलचे तोंड किंवा कार्डातून मागे निघणारी हवा अडण्याची शक्यता असते.

त्याऐवजी अंतर कमी करण्याचा विचार आधी करावा, असे मी सुचवेन. दांडीवर ठरावीक एकूण वजन सारखे पसरले असेल, तर तिचा बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एकूण वजन तेच ठेवून लांबी निम्मी केली, की बाक एक-अष्टमांश होतो. मध्यभागी एक जादा खांब दिला, तर प्रत्येक तुकड्यावरचे वजनही निम्मे होते, त्यामुळे लाभ आणखी वाढतो. चार कार्डांसाठी ४०० ते ४५० मिलिमीटरची दांडी पुरते, आणि तेवढ्या अंतरावर उभी २०-४० दांडी वाकलेली दिसणारही नाही. जाड प्रोफाइल वापरायचेच असेल, तर ते खालच्या तळाला वापरावे, कारण उचलताना सगळे वजन तेथेच पेलावे लागते.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे कार्यशाळेत ॲल्युमिनियमचे काम केले आहे, म्हणून कापणी आणि जुळणीविषयी थोडे लिहितो. चौकट डळमळण्याचे मूळ बहुतेक वेळा पहिल्या कापातच असते.

प्रोफाइल कापण्यासाठी मायटर सॉवर अलोह धातूंसाठीचे, कार्बाइड दातांचे पाते लावावे. २५४ मिलिमीटरच्या पात्याला किमान ८० दात असावेत. लाकडाच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात, ते धातूत रुततात आणि तुकडा हातातून हिसकावून नेऊ शकतात. दगडी चकतीने, म्हणजे ग्राइंडरच्या अपघर्षक चकतीने, ॲल्युमिनियम कापू नये. मऊ धातू चकतीच्या छिद्रांत भरून बसतो, चकती तापते आणि फुटण्याचा धोका निर्माण होतो. तुकडा दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने घट्ट धरावा, पात्याला मेण किंवा कापणीचे तेल लावावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि पाते सावकाश खाली आणावे. घाई केली की काप तिरका जातो.

चारही खांब ठरवलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लांब किंवा आखूड निघाले तरी काही बिघडत नाही. ते आपसांत मात्र तंतोतंत सारखे असावे लागतात. त्यासाठी प्रत्येक वेळी फूटपट्टीने मोजून खूण करण्यापेक्षा यंत्राच्या टेबलावर एक अडसर पक्का करावा आणि सारख्या लांबीचे सगळे तुकडे त्याला टेकवून एकापाठोपाठ कापावेत. मधे कीस साचला तर तुकडा अडसराला नीट टेकत नाही आणि तेवढाच आखूड निघतो, म्हणून दर कापानंतर ब्रशने जागा साफ करावी. प्रत्येक टोक गुण्या लावून तपासावे आणि कडेवरची धार कानशीने काढावी. ही धार राहिली, तर दांडी खांबाच्या माथ्यावर पूर्ण न टेकता त्या धारेवर उभी राहते. मूळ लेखातील टेकवण्याची पद्धत मला पूर्णपणे पटते, पण तिचा लाभ टोक सपाट असेल तरच मिळतो.

माथ्यावर दांडी बसवायची म्हणजे खांबाच्या मधल्या भोकात आटे पाडून वरून बोल्ट घालणे हा सर्वांत नीट मार्ग आहे. आटे पाडण्यापूर्वी भोक मोजून घ्यावे. काही प्रोफाइलमध्ये ते ४.२ मिलिमीटरच्या आसपास असते आणि एम५ च्या टॅपला जसेच्या तसे चालते. काहींत ते ५ मिलिमीटर असते, तेथे एम६ चा टॅप घ्यावा लागतो. टॅपला तेल लावून अर्धा-पाऊण फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे फिरवत जावे. ॲल्युमिनियम टॅपला चिकटते आणि ओरबाडून निघते, मग आटे राहतच नाहीत. आट्यांची खोली किमान १५ मिलिमीटर असावी. दांडीत आरपार एक भोक पाडले, की बोल्टचे डोके आतल्या खाचेत बसते आणि ॲलन की त्या भोकातून आत घालून बोल्ट आवळता येतो.

जुळणी सपाट फरशीवर किंवा जाड काचेवर करावी. सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावावेत, मग आयताचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते एक मिलिमीटरच्या आत सारखे आले की चौकट काटकोनात आहे असे समजून आळीपाळीने समोरासमोरचे बोल्ट आवळावेत. एक कोपरा पूर्ण घट्ट करून दुसऱ्याकडे गेल्यास सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात साचते.

प्रतिसाद ३

ॲल्युमिनियम तापल्यावर बरेच प्रसरण पावते, असे वाचनात आले होते. इतक्या गरम कार्डांजवळ ते सुरक्षित आहे का? आणि मग पोलादी अँगल किंवा लाकूड का नको? पोलाद तर कितीतरी अधिक मजबूत असते.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रसरण होते, परंतु ते नगण्य आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्ष भागांतील सुमारे २३ भाग वाढते. ६२० मिलिमीटरची दांडी २० अंशांनी तापली, तर ती ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी वाढेल, आणि पूर्ण चौकट जवळपास एकत्रच तापत असल्याने तिचा आकार बदलत नाही.

पोलादाविषयीचा प्रश्न रास्त आहे. पोलादाचा ताठपणाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमचा सुमारे ६९ गिगापास्कल आहे, म्हणजे सारख्याच आकाराची पोलादी दांडी जवळपास तिपटीने ताठ असते. घनताही तशाच प्रमाणात, ७.८५ विरुद्ध २.७, अधिक असते. वेल्डिंग उत्तम येणाऱ्या माणसाने पोलादी चौकट बांधली, तर ती ताठपणात माझ्या चौकटीला मागे टाकेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ॲल्युमिनियमचे प्रोफाइल मी निवडतो ते खाचांसाठी. कार्ड बदलले, जाडी बदलली, रायझर दोन मिलिमीटरने सरकवायचा असला, की नट सैल करून सरकवता येतो. वेल्ड केलेल्या चौकटीत प्रत्येक बदलाला नवे भोक पाडावे लागते, आणि त्याचा पोलादी कीस जवळच्या बोर्डावर पडू न देणे हेही एक कामच होऊन बसते. लाकूड मी टाळतो, कारण स्क्रूची जागा पुन्हापुन्हा उघडली की ती झिजते, आणि जास्त विद्युतप्रवाह वाहणाऱ्या कनेक्टरांजवळ जळणारा पदार्थ मला नको वाटतो.

प्रतिसाद ४

विजेच्या बाजूने काही गोष्टी जोडणे मला आवश्यक वाटते, कारण या धाग्यातील चौकट धातूची आहे आणि तिला माणसाचा हात लागणार आहे.

ॲनोडाइझ केलेल्या प्रोफाइलचा पृष्ठभाग म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो आणि तो विजेचा दुर्वाहक आहे. पॉवर सप्लायचे धातूचे कवच अर्थिंगला जोडलेले असते, म्हणून तो चौकटीला स्क्रूने लावला की पूर्ण चौकट आपोआप अर्थ झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोन दांड्या घट्ट जोडलेल्या असूनही त्यांच्यात विद्युतसंपर्क नसणे अगदी शक्य आहे. मल्टिमीटर लावून एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर मोजून पाहावे, म्हणजे खात्री होईल. उपाय कठीण नाही. प्रत्येक सांध्यात एका जागी थर खरवडून दातेरी वॉशर घालावा, आणि एका ठरावीक ठिकाणाहून हिरव्या-पिवळ्या रंगाची अर्थ तार थेट पॉवर सप्लायच्या कवचापर्यंत न्यावी. त्यानंतर चौकटीच्या कोणत्याही उघड्या धातूपासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंतचा रोध एका ओहमच्या आत आला पाहिजे. ही मोजणी अर्थातच प्लग भिंतीतून काढून करावी.

दुसरा मुद्दा दोन पॉवर सप्लायचा. सहा कार्डे प्रत्येकी ३५० वॅटची धरली आणि बाकी संगणकाला ३०० वॅट दिले, तर २,४०० वॅट होतात. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे २,६५० वॅट घेतले जातात. २३० व्होल्टवर हा प्रवाह साडेअकरा अँपिअर होतो आणि १२० व्होल्टवर २२ अँपिअर. हा भार तासन्‌तास अखंड राहतो. म्हणून सर्किट, तार आणि सॉकेट यांची क्षमता पारखून घेतल्याशिवाय चौकटीचे पहिले माप काढू नये, असे मला वाटते. दोन सप्लाय वापरल्यास त्यांचे ग्राउंड एक असावे आणि दोन्ही एकाच वेळी सुरू व्हावेत, यासाठी जोड-बोर्ड मिळतात. बाहेरून वीज घेणारा रायझर असेल, तर तो रायझर आणि त्यावरचे कार्ड या दोहोंना एकाच सप्लायमधून वीज द्यावी.

अशा रायझरला साटा, म्हणजे हार्ड डिस्कसाठीच्या, कनेक्टरने वीज देण्याची चूक करू नये. साटाच्या तीन १२ व्होल्ट पिनांतून प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट एवढीच क्षमता असते, तर खाचेतून कार्ड ७५ वॅटपर्यंत घेऊ शकते. खाणकामाच्या काळात वितळलेल्या कनेक्टरांची कितीतरी छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. साध्या पट्टी-रायझरमध्ये ही वीज मदरबोर्डातून येते. सहा खाचांचे ४५० वॅट चोवीस पिनी कनेक्टरच्या दोन १२ व्होल्ट पिनांवर टाकता येत नाहीत, म्हणून अशा बोर्डांवर खाचांसाठी जादा पॉवर कनेक्टर दिलेला असतो. तो रिकामा ठेवू नये.

धागाकर्त्याचे उत्तर

अर्थिंगचा मुद्दा मूळ लेखात असायलाच हवा होता, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद वाचून मी आज संगणक बंद करून मोजणी केली. माझ्या पुढच्या आधार-दांडीचा उर्वरित चौकटीशी कोणताही विद्युतसंपर्क नाही. तिला दोन्ही टोकांनी केवळ ब्रॅकेट आहेत आणि तेही ॲनोडाइझ केलेले आहेत. दातेरी वॉशर बसवल्यानंतरच आता संगणक चालू करीन.

प्रतिसाद ५

रायझरची नेमकी जोडणी कशी केली, ते कृपया विस्ताराने लिहाल का? माझ्या चौकटीत पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्या जोडणीच्या) चौथ्या पिढीच्या वेगाला नोंदींत सतत दुरुस्त झालेल्या त्रुटी दिसतात, तिसऱ्या पिढीवर आणले की त्या थांबतात. केबल ३०० मिलिमीटरची आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण सांगता ते लक्षण माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत प्रत्येक मार्गिकेवर सेकंदाला ८ अब्ज आणि चौथ्या पिढीत १६ अब्ज संक्रमणे होतात. वेग दुप्पट झाला की केबल, कनेक्टर आणि खाच यांतील प्रत्येक लहान दोषाची किंमत वाढते. केबलची लांबी हा त्यातला एक भाग आहे. दुसरा भाग खाचेत कार्ड कसे बसले आहे हा आहे, आणि तो पूर्णपणे चौकटीच्या हातात असतो.

मी जो क्रम पाळतो तो असा. रायझरची खाच ज्या दांडीवर बसते तिचे स्क्रू सुरुवातीला सैल ठेवतो, इतके की खाच बोटाने ढकलली तर सरकावी. मग कार्ड खाचेत पूर्ण दाबून बसवतो आणि खाचेसह ते मागच्या दांडीजवळ आणून पट्टीचा स्क्रू आवळतो. या टप्प्यावर खाच कार्डाच्या मागे आपोआप आपली जागा घेते. त्यानंतरच रायझरचे स्क्रू आवळतो. सर्वांत शेवटी पुढची आधार-दांडी वर आणतो. ती कार्डाला किती टेकवावी हे ठरवताना मी रबर आणि कार्ड यांच्यामध्ये साधा कागद ठेवतो. कागद ओढल्यावर किंचित अडखळत बाहेर आला, की तेथेच दांडी पक्की करतो. त्यापेक्षा वर नेली तर कार्डाचे पुढचे टोक उचलले जाते आणि खाचेच्या पुढच्या बाजूला संपर्क सैल होतो, म्हणजे पहिल्या चौकटीतला दोष उलट्या दिशेने पुन्हा निर्माण होतो.

याच्या उलट क्रमाने, म्हणजे रायझर आधी पक्का करून मग कार्ड त्यात बसवल्यास, पट्टीचे भोक आणि दांडीचे भोक यांत एखाद्या मिलिमीटरचा फरक निघतोच. आपण तो स्क्रूच्या जोराने मिटवतो आणि कार्ड खाचेत तिरके होते. आपल्या चौकटीत हाच प्रकार आहे का, हे प्रथम पाहावे. कार्डाच्या पट्टीचा स्क्रू पूर्ण काढावा. काढताच कार्ड जागच्या जागी थोडे जरी उसळले किंवा झुकले, तर ताण होता असे समजावे.

केबल स्वतःच्या वजनाने लोंबू न देता मोठ्या गोलाईत वळवावी आणि कुठेही घडी पडू देऊ नये. मदरबोर्ड चौकटीच्या मध्यावर ठेवला तर दोन्ही टोकांच्या कार्डांचे अंतर सारखे राहते. बोर्डावरील खाचा एकमेकींपासून २०.३२ मिलिमीटरवर असतात, तर वर कार्डे ९० मिलिमीटरवर असतात. सातत्याने रुंदावत जाणाऱ्या या पंख्यामुळेच कडेच्या कार्डांना लांब केबल लागते. मी चौकट ९०० वरून ६२० मिलिमीटरवर आणली, त्याचे हेही एक कारण होते. एवढे करूनही त्रुटी थांबल्या नाहीत, तर बायॉसमध्ये ती खाच तिसऱ्या पिढीवर स्थिर करण्यात कमीपणा मानू नये. प्रारूपे केवळ चालवण्याच्या अनेक कामांत कार्डांमधील देवाणघेवाण थोडी असते आणि त्याचा परिणाम क्वचितच जाणवतो. त्याहून लांब अंतर हवे असेल, तर स्लिमसास किंवा एमसीआयओ जातीच्या केबली आणि त्यांचे जोड-बोर्ड पट्टी-केबलीपेक्षा भरवशाचे ठरतात.

प्रतिसाद ६

हवेचा विचार कसा केला? उघडी चौकट आहे म्हणून पंख्यांची गरज नाही, असे अनेक जण सांगतात.

धागाकर्त्याचे उत्तर

कार्डाचे स्वतःचे पंखे शेजारच्या कार्डाने बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढतात, म्हणून बाहेरचे पंखे लागतातच. २,४०० वॅटची उष्णता हवेचे तापमान केवळ १० अंश वाढवून वाहून न्यायची असेल, तर दर मिनिटाला सुमारे १२ घनमीटर, म्हणजे साधारण ४२० घनफूट हवा त्या फटींतून जावी लागते. १२० मिलिमीटरचे पंखे मोकळ्या हवेत जेवढा प्रवाह दाखवतात तेवढा कार्डांच्या अरुंद फटींत देत नाहीत. मी पुढच्या बाजूला स्वतंत्र दांड्यांवर दोन रांगांत आठ पंखे लावले आहेत आणि कार्डांच्या वर पातळ पत्रा ठेवला आहे, म्हणजे हवा वरून निसटून न जाता फटींतूनच मागे जाते. पंख्यांच्या दांड्या आणि चौकट यांच्यामध्ये रबराचे वॉशर घातले आहेत, कारण स्क्रू सैल करणारे कंपन तेथूनच सुरू होते. याशिवाय कार्डांची वीजमर्यादा ३५० वरून २५० वॅटवर आणली. कामाचा वेग त्यामानाने थोडाच घटला आणि सहा कार्डांची मिळून ६०० वॅट उष्णता निर्माणच झाली नाही.

प्रतिसाद ७

कंपनाचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव नोंदवतो. खाचेत वरून घालून फिरवायचे हॅमर-नट सोयीचे असतात, पण आवळताना ते पाव फेरा पूर्ण फिरले की नाही हे बाहेरून दिसत नाही. माझ्या चौकटीत अशा एका अर्धवट फिरलेल्या नटामुळे तीन महिन्यांनी पॉवर सप्लायचा कप्पा एका बाजूने सुटला. सुदैवाने केबलींनी तो धरून ठेवला. तेव्हापासून वजन पेलणाऱ्या सांध्यांत मी टोकातून सरकवायचे पूर्ण लांबीचे नटच वापरतो. ते आधी मोजून आत घालावे लागतात, एक विसरला तर कोपरा पुन्हा उघडावा लागतो, पण त्यांच्याविषयी शंका उरत नाही. हॅमर-नट केबल बांधण्यासाठी आणि पंख्यांसाठी ठेवले आहेत. आट्यांना निळे, म्हणजे पुन्हा उघडता येणारे, थ्रेडलॉकर लावतो.

आणखी एक विचारायचे आहे. माझी चौकट लांबीच्या दिशेने ढकलली तर थोडी हिंदकळते. खांब आणि दांड्या घट्ट आहेत, कर्णही सारखे आहेत.

प्रतिसाद २ चे लेखक

चार दांड्यांचा आयत स्वभावतः समांतरभुज चौकोन होऊ पाहतो, मग दांड्या कितीही जाड असोत. तो धरून ठेवण्याचे काम चार कोपऱ्यांतील लहान ब्रॅकेटांवर पडते आणि त्यांची भुजा जेमतेम वीस मिलिमीटर असते. त्याऐवजी कोपऱ्यांवर बाहेरून ६० ते ८० मिलिमीटर भुजेच्या त्रिकोणी पट्ट्या लावाव्यात, किंवा एका उभ्या बाजूवर कर्णाच्या दिशेने एक सपाट पट्टी ताणून बसवावी. पत्र्याचे पूर्ण पॅनेल लावले तर सर्वांत उत्तम, कारण पत्रा त्याच्या स्वतःच्या प्रतलात जवळजवळ वाकत नाही. दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. मात्र त्याला चारही कडांवर थोड्या थोड्या अंतराने स्क्रू हवेत, केवळ चार कोपऱ्यांत नव्हे.

धागाकर्त्याचे उत्तर

याच्याशी मी सहमत आहे. माझ्या चौकटीत दोन्ही आखूड बाजूंना पूर्ण पत्रे आहेत. हवा समोरून मागे जात असल्याने ते तिच्या वाटेत येत नाहीत. लांब बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी लागते, म्हणून तेथे खालच्या तळमजल्यापुरताच, मदरबोर्डाच्या मागे, १२० मिलिमीटर उंचीचा पत्रा लावला आहे आणि वरच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आहेत. पत्र्यापूर्वी वरची दांडी हाताने ढकलली की चार-पाच मिलिमीटर हलत असे, आता ती हललेली जाणवत नाही.

चौकट हलवण्याविषयी दोन जणांनी मला स्वतंत्रपणे विचारले आहे, त्याचे उत्तर येथेच देतो. कार्डे बसवलेली चौकट मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही नेत नाही. उभ्या स्थितीत सगळे वजन सरळ खाली जाते असे धरून आपण आधार दिलेले असतात, आणि उचलताना चौकट तिरकी झाली की तेच वजन आडवे येऊन खाचांवर पडते. प्रथम पुढची आधार-दांडी एका सुताने खाली घेतो, मग पट्टीचे स्क्रू काढतो, मग कार्डे एकेक करून बाहेर काढतो. प्रत्येक कार्डावर त्याच्या जागेचा क्रमांक कागदी पट्टीने चिकटवलेला आहे आणि तोच क्रमांक रायझरवरही आहे. नव्या जागी पोहोचल्यावर आधी चारही पायांखालचे समतल स्क्रू फिरवून चौकट डुगडुगणार नाही असे पाहतो, कर्ण पुन्हा मोजतो, अर्थिंग तपासतो आणि मगच पहिले कार्ड बसवायला घेतो.